शुद्धतेचें खोटें माप

बव्हेरियांतून आपल्याकडे येणारी गव्हाच्या बिअरची बाटली हातीं घेऊन तिच्यावरील कागद एकदां सावकाश वाचून पाहावा. नांवाच्या आसपास कोठें तरी पुष्कळदां एक ओळ छापलेली आढळते : ही बिअर १५१६ सालच्या शुद्धतेच्या आदेशास अनुसरून तयार केली आहे. ओळ भारदस्त आहे; तिच्या पाठीशीं पांच शतकांचें वजन आहे. वाचणारा तिनें दिपून जातो, चार मित्रांत तीच प्रमाण म्हणून सांगतो, आणि जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्यें श्रेष्ठ कोणती व कनिष्ठ कोणती असा वाद निघाला, म्हणजे याच ओळीला पंचाच्या आसनावर बसवितो. परंतु ज्या आदेशाची ही ग्वाही, तो अक्षरशः पाळला गेला असता तर ती बाटली जन्मासच आली नसती! १५१६ च्या आदेशानें बिअरसाठीं जव, हॉप्स आणि पाणी एवढ्या तीनच वस्तूंना परवानगी दिली होती. गव्हाला त्यांत जागा नव्हती. ज्या कायद्यानें आपणांस हद्दपार केलें असतें, त्याच कायद्याचें प्रशस्तिपत्र एखाद्यानें गळ्यांत बांधून मिरवावें, असा हा प्रकार आहे.

एका ओळीच्या विसंगतीसाठीं एवढा खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर असें कीं, ही ओळ आतां केवळ जाहिरात राहिलेली नाहीं. तिची मोजपट्टी झाली आहे. आमचें स्पष्ट मत आहे कीं, शुद्धतेच्या मापानें गव्हाच्या बिअरची तुलना करणें हें इतिहासाच्या दृष्टीनें खोटें, रसिकतेच्या दृष्टीनें निरुपयोगी आणि परिणामाच्या दृष्टीनें घातक आहे. या तिन्ही गोष्टी आम्ही क्रमानें मांडूं. आणि नुसतें माप मोडून न थांबतां त्याच्या जागीं दुसरें कोणतें ठेवावें, तेंहि सांगूं.

तत्पूर्वीं एका आक्षेपाचा निकाल लावला पाहिजे. वाङ्मयाचा विचार करणाऱ्या मासिकांत मद्याचा विचार कशाला? जो पीत नाहीं त्यानें प्यावें, असा आमचा आग्रह नाहीं. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्याखालीं आपल्या राज्यांत पिणाऱ्यास आजहि कागदोपत्रीं परवाना लागतो, याचेंहि आम्हांस विस्मरण झालेलें नाहीं. परंतु चांगलें कशास म्हणावें व तें कोणत्या कसोटीवर ठरवावें, हा प्रश्न कवितेंत, गाण्यांत आणि पक्वान्नांत जसा आहे तसाच पेयांतहि आहे. जो मनुष्य कागद वाचून बिअरची परीक्षा करतो, तो वेष्टनावरील स्तुति वाचून ग्रंथाची परीक्षा करावयास फारसा वेळ लावीत नाहीं. खोड एकच, विषय मात्र दोन.

आतां प्रथम इतिहास पाहूं. १५१६ च्या एप्रिल महिन्याच्या २३ तारखेस इंगोल्श्टाट येथें बव्हेरियाचा ड्यूक चौथा विल्हेल्म व त्याचा भाऊ दहावा लुडविग यांनीं हा आदेश काढला. त्याचा बराचसा भाग शुद्धतेविषयीं नाहींच. तो किंमतीविषयीं आहे. सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे थंडीच्या दिवसांत, एक माप बिअर एका फेनिगहून अधिक दरानें विकूं नये, आणि उरलेल्या काळांत दोन फेनिगहून अधिक घेऊं नये, असा भाव त्यांत बांधून दिला आहे. त्यापुढें एका वाक्यांत ते तीन घटक येतात. गहूं वगळण्याचें कारण बहुधा असें देतात कीं, गहूं आणि राय हीं धान्यें पावासाठीं राखून ठेवावयाचीं होतीं. हेतु शहाणपणाचा आहे. पण तो कोठाराच्या कारकुनाचा हेतु आहे, रसिकाचा नव्हे. फार काय, 'शुद्धतेचा आदेश' हे शब्दहि त्या आदेशांत नाहींत. 'राइनहाइट्सगेबोट' हें आज सर्वतोमुखीं असलेलें नांव १९१८ सालीं बव्हेरियाच्या विधिमंडळांतील एका भाषणांत प्रथम आढळतें. म्हणजे मूल चारशें वर्षांचें झाल्यावर त्याचें बारसें झालें!

शिवाय ज्या हातानें बंदी लिहिली, त्याच हातानें सवलतहि लिहिली. आदेशानंतर अवघ्या बत्तीस वर्षांनीं, १५४८ सालीं, याच चौथ्या विल्हेल्मनें डेगेनबर्गच्या सरदार घराण्यास डॅन्यूब नदीच्या उत्तरेस गव्हाची बिअर करण्याचा खास हक्क दिला. १६०२ सालीं त्या घराण्याचा शेवटचा पुरुष निपुत्रिक वारला, आणि हक्क राजघराण्याकडे परत आला. त्या वेळीं गादीवर होता पहिला माक्सिमिलियन. त्यानें गव्हाची बिअर निषिद्ध म्हणून बुडविली काय? छे! त्यानें तिच्या सरकारी ब्रुअऱ्या उघडल्या, इतरांस ती करण्याची मनाई कायम ठेवली आणि त्या मक्त्यावर खजिना भरला. केल्हाइम येथील १६०७ ची ब्रुअरी त्याच काळांतली असून ती आजहि चालू आहे. प्रजेनें केलें तर गुन्हा, दरबारानें केलें तर महसूल, असा तो न्याय होता.

आणखी एक गोष्ट. १५५१ च्या बव्हेरियांतीलच एका आदेशानें बिअरमध्यें धने आणि लॉरेलचीं पानें घालण्यास मुभा दिली. १६१६ च्या नियमावलीनें मीठ, जुनिपरचीं फळें आणि शहाजिरें यांना वाट करून दिली. यांतील धने आणि मीठ हे दोन पदार्थ वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम पडणार आहे. पांचशें वर्षांच्या अखंड सोंवळ्याची जी पोथी सांगतात, तिचें सोंवळें हें असें आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हाच्या बिअरची चलती ओसरली. जवाच्या तपकिरी बिअरनें लोकांचें मन ओढून घेतलें, आणि दरबारासहि आपल्या मक्त्याची मातबरी उरली नाहीं. अशा पडत्या काळांत गेओर्ग श्नायडर नांवाच्या कारागिरानें १८५५ सालीं म्युनिकमधील जुनी दरबारी ब्रुअरी खंडानें घेतली, आणि १८७२ सालीं राजा दुसरा लुडविग याजकडून गव्हाची बिअर करण्याचा हक्क मिळवून स्वतःची ब्रुअरी काढली. आज आपण जिला बव्हेरियाची थोर परंपरा म्हणतों, ती अशा हट्टी माणसांनीं जगविली. आदेशानें जगविली असें म्हणणें म्हणजे ज्यानें दार लावून घेतलें त्यालाच यजमान म्हणण्यासारखें आहे.

इतिहासाचें इतकें पुरे. आतां रसिकतेच्या दृष्टीनें हें माप कितपत चालतें तें पाहूं. जर्मन नियमाप्रमाणें या बिअरच्या माल्टांत, म्हणजे मोड आणून वाळविलेल्या धान्यांत, निदान निम्मा भाग गव्हाचा असावा लागतो. बाकीचा भाग जवाचा. कारण मळणींत गव्हाचें टरफल निघून जातें, आणि टरफलावांचून धान्याचा रस नीट गाळला जात नाहीं. गव्हांतील प्रथिनांमुळें फेस दाट येतो व पेयास धुकट रंग चढतो. एवढें सर्व धान्याचें. पण या बिअरची जी खरी ओळख, पेला तोंडाशीं नेतांच येणारा पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास, ती धान्याची देणगी नव्हे. तिच्यांत केळें नसतें कीं लवंग नसते. तो चमत्कार यीस्टचा आहे.

बव्हेरियांतील गव्हाच्या बिअरचें यीस्ट आंबवितांना आयसोअमाइल ॲसिटेट नांवाचें द्रव्य निर्माण करतें. केळ्याचा वास त्याचा. धान्यांतील फेरुलिक आम्लापासून तेंच यीस्ट ४-व्हायनिल-ग्वायकॉल तयार करतें. लवंगेचा वास त्याचा. कारागिरानें भिजविलेलें धान्य कांहीं वेळ सुमारें ४५ अंश सेल्सिअस उष्णतेवर ठेवलें, तर फेरुलिक आम्ल अधिक सुटतें व लवंग वर येते. उथळ, उघड्या हौदांत आंबविलें तर केळें अधिक खुलतें; उंच, बंद टाकींत वरच्या द्रवाच्या भारानें व कोंडलेल्या वायूनें तें दबतें. चव ठरविणाऱ्या गोष्टी त्या ह्या : यीस्टची जात, उष्णतेचा हिशेब आणि हौदाचा आकार. १५१६ च्या आदेशाला यांतली एकहि ठाऊक नाहीं. यीस्टचा तर त्यांत उल्लेखहि नाहीं. जिच्यामुळें चव येते तिचें नांवहि ज्या मापावर कोरलेलें नाहीं, तें माप चवीच्या तुलनेस कशाला? तंबोरा कोणत्या लाकडाचा, एवढ्यावरून गवयाची परीक्षा करणारा श्रोता आपण हंसण्यावारी नेतों. येथें मात्र त्यालाच जाणकार म्हणतों.

प्रत्यक्ष उदाहरणें घेऊं. फ्रायझिंग येथील वाइहेनश्टेफानची ब्रुअरी बव्हेरियाच्या सरकारच्या मालकीची आहे. तिच्या शेजारींच म्युनिकच्या तंत्रविद्यापीठांत बिअरचें शास्त्र शिकवितात, आणि तेथील ६८ क्रमांकाचें यीस्ट आज देशोदेशींचे कारागीर वापरतात. तेथील गव्हाची बिअर फिकट सोनेरी, फेसाळ, केळ्याकडे झुकणारी; लवंग मागून हळूच येते, गोडी कोठें चिकटत नाहीं. केल्हाइमहून येणारी श्नायडरची मूळ बिअर रंगानें तांबूस, जवळजवळ अंबराच्या छटेची. तिच्यांत लवंग पुढें आणि केळें मागें. भाजक्या धान्याची जाड चव खालीं, वर सळसळणारा वायु, आणि शेवटीं किंचित् आंबूस धार. मद्यांश दोहोंतहि शेंकडा ५.४. घटक तेच, कायदा तोच, मद्यांश तोच. आणि तरीहि डोळे मिटून घोट घेणारा नवखा मनुष्यसुद्धां ह्या दोघींना एक म्हणणार नाहीं. शुद्धतेचें माप दोघींना समान गुण देऊन मोकळें होतें.

आतां तिसरी पाहा. एर्डिंगची ब्रुअरी ही गव्हाची बिअर करणारी जगांतील सर्वांत मोठी ब्रुअरी म्हणून प्रसिद्ध आहे. तिची बिअर स्वच्छ, हलकी, नेमकी. पण केळें आणि लवंग हीं दोन्ही तिच्यांत दबक्या पावलांनीं वावरतात. कोणास खटकूं नये अशी तिची रचना आहे, आणि जें कोणासहि खटकत नाहीं तें कोणाच्या स्मरणांतहि फारसें राहत नाहीं. उलट म्युनिकच्या दक्षिणेस आयिंग नांवाच्या खेड्यांत होणारी शेंकडा ५.१ मद्यांशाची बिअर पाहावी. ती मृदु आहे, पण मुकी नाहीं. केळ्याचा दरवळ, पाठोपाठ सफरचंदासारखी कोवळी आंबटगोडी, आणि जिभेवर खेळणारे बारीक बुडबुडे. शुद्धतेच्या दरबारांत ह्याहि दोघी एकाच पायरीवर. मग त्या दरबारांत निवाडा तो कोणता होतो?

श्नायडरचीच 'आव्हेंटिनुस' ही आणखी निराळी. १९०७ पासून होणारी ही काळसर, दाट बिअर शेंकडा ८.२ मद्यांशाची, तिच्यांत मनुका, सुकें आलुबुखार आणि कोकोची आठवण देणारी चव असते. तिला वाइहेनश्टेफानच्या शेजारीं बसवून दहापैकीं गुण देणारे लोक आहेत. अभंग आणि लावणी यांना एकाच रकान्यांत गुण देण्यासारखें तें आहे. दोन्ही उत्तम असूं शकतात. पण एकीचें उत्तमपण दुसरीच्या फुटपट्टीनें मोजतां येत नाहीं.

येथपर्यंतची सर्व उदाहरणें बव्हेरियाचीं. परंतु जर्मनी म्हणजे बव्हेरिया नव्हे, आणि गव्हाची बिअर म्हणजे केवळ केळें-लवंग नव्हे. उत्तरेकडे गव्हाच्या बिअरचें दुसरें एक कुळ नांदत होतें, आणि शुद्धतेच्या मापानें खरा घात केला तो या कुळाचा. बर्लिनची 'वाइसे' ही सुमारें शेंकडा ३ मद्यांशाची, लॅक्टिक आम्लाच्या जंतूंनीं आंबट झालेली, तहान भागविणारी बिअर. एकोणिसाव्या शतकांत ती त्या शहराचें हौसेचें पेय होती. पुढें तिच्या ब्रुअऱ्या एकामागून एक मिटल्या. रासबेरीचें लाल किंवा वुडरफचें हिरवें सरबत घालून, नळीनें ओढण्याची गंमत एवढेंच तिचें रूप बहुतेकांच्या डोळ्यांसमोर राहिलें. अलीकडे बर्लिनमधील कांहीं लहान कारागिरांनीं तिला जुन्या पद्धतीनें पुन्हा उभें केलें आहे.

दुसरी 'गोझे'. हार्ट्स पर्वताच्या पायथ्याशीं गोस्लार गांव आहे. तेथील गोझे नदीवरून हिचें नांव पडलें. पण तिला खरें माहेर मिळालें तें लाइप्झिग शहरांत. गव्हाचा व जवाचा माल्ट, लॅक्टिक आम्लाची आंबट चव, आणि वर धने व मीठ! वाचकांना ध्यानांत ठेवावयास सांगितलेल्या त्या दोन वस्तु ह्याच. ताकांत मीठ आणि धने-जिऱ्याची पूड घालून पिणाऱ्या आपल्या समाजाला या योजनेंतील शहाणपण समजावून सांगावें लागूं नये. उन्हाळ्यांत घाम गाळून आलेल्या माणसाला आंबट आणि खारट यांचा तो मिलाफ किती निववितो, हें आपणांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १९६६ सालीं लाइप्झिगमधील तिची शेवटची ब्रुअरी बंद झाली आणि गोझे नाहींशी झाली. तब्बल वीस वर्षें ती जगांत कोठेंहि नव्हती. १९८६ सालीं लोथार गोल्डहान यानें लाइप्झिगचें एक जुनें गोझे-गृह पुन्हा उघडलें, पूर्व बर्लिनमधील एका ब्रुअरीकडून ती बिअर मागच्या पद्धतीनें करवून घेतली, आणि ती परत आली. २००० सालापासून लाइप्झिगच्या 'बायरिशर बानहोफ' या जुन्या रेल्वे-स्थानकाच्या इमारतींतहि ती होऊं लागली. जेथून एके काळीं बव्हेरियाकडे गाड्या सुटत, तेथेंच बव्हेरियाच्या नियमांत न बसणारी बिअर आंबते आहे!

आम्ही अतिशयोक्ति करूं इच्छीत नाहीं. गोझेचा मृत्यु शुद्धतेच्या आदेशानें ओढवला असें आम्ही म्हणत नाहीं. दुसरें महायुद्ध, त्यानंतरचें राष्ट्रीयीकरण, धंद्यास वारस न उरणें आणि सोनेरी पिल्स्नरची लाट, हीं कारणें त्याला पुरेशीं होतीं. मृत्यूचें कारण निराळें. पण तिचें सुतक कोणीं पाळलें नाहीं, त्याचें कारण मात्र हें माप. जी बिअर 'शुद्ध'च नव्हे, ती गेली तर गेलें काय? आजहि जर्मनींत गोझेला बिअर म्हणून विकतां येतें तें स्थानिक विशेष म्हणून मिळालेल्या अपवादाच्या आधारानें. आणि असा अपवाद करावयास बव्हेरिया तयार नसतो. ज्या भूमीनें १५५१ मध्यें धने आणि १६१६ मध्यें मीठ चालवून घेतलें, तिनेंच आतां त्यांच्याकडे पाहून नाक मुरडावें, याला परंपरा म्हणावयाचें कीं विस्मरण?

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. तें अगदींच पोकळ नाहीं. ते म्हणतात, हा नियम नसता तर भेसळ माजली असती. जुन्या काळीं बिअरमध्यें खुरासनी ओव्यासारख्या मादक व विषारी वनस्पति घालीत, ही गोष्ट खरी आहे. जर्मन लागर बिअरमध्यें स्वस्त मका-तांदूळ घुसला नाहीं, याचें श्रेयहि आम्ही या नियमास देतों. पण भेसळ म्हणजे काय, याचा विचार करावा. दुधांत पाणी घालून तें दूध म्हणून विकणें ही भेसळ. त्यांत केशर-वेलदोडे घालून मसाल्याचें दूध म्हणून देणें ही भेसळ नव्हे. भेसळीचा प्राण लबाडींत आहे, मिश्रणांत नाहीं. हाच विचार १९८७ च्या मार्च महिन्यांत युरोपीय न्यायालयानें जर्मनीविरुद्धच्या खटल्यांत मांडला. बिअरमध्यें काय आहे हें गिऱ्हाइकास कळावें हा हेतु योग्य. पण तो बाटलीवर घटक छापूनहि साधतो, त्यासाठीं परक्या बिअरला 'बिअर' म्हणून विकण्याची बंदी नको, असा तो निकाल होता. गोझे आपलें मीठ लपवीत नाहीं. मग तिला भेसळ कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?

दुसरा पक्ष म्हणतो, लोक जी अधिक पितात ती चांगली. खप हाच कौल. हा कौल मानला तर ग्रंथालयांतील अर्धीं कपाटें रद्दींत घालावीं लागतील. खपावरून इतकेंच सिद्ध होतें कीं, ती वस्तु पुष्कळांस खटकली नाहीं. तिसरा पक्ष सर्वांत सभ्य आणि सर्वांत आळशी. तो म्हणतो, ज्याची त्याची आवड, तुलनाच नको. हें औदार्य दिसतें, पण आंतून ती उदासीनता आहे. ज्याला सर्वच सारखें, त्याला कांहीं नाहींसें झालें तरी समजत नाहीं. गोझे गेली तेव्हां वीस वर्षें ज्यांना तिची उणीव भासली नाहीं, ते हेच उदार लोक. आम्हांस तुलना हवी आहे, आणि ती कठोर हवी आहे. फक्त ती वस्तूच्या स्वभावाला धरून हवी.

तेव्हां आमचें माप पुढीलप्रमाणें. प्रत्येक बिअरला तीन प्रश्न विचारावे. पहिला : तूं कोणत्या कुळाची, आणि त्या कुळाचा धर्म काय? बव्हेरियाच्या बिअरला लवंग-केळ्याचा तोल विचारावा, बर्लिनच्या बिअरला आंबटपणाची स्वच्छता, गोझेला आंबट, खारट आणि धन्याचा वास यांचें जुळणें. दुसरा : कुळधर्म पाळून तुझें स्वतःचें असें काय आहे? आणि तिसरा : पेल्यांतील शेवटचा घोट, थंडपणा उतरल्यावरहि, पहिल्याइतकाच बोलका आहे काय? पुष्कळ बिअर बर्फाच्या आड आपलें दारिद्र्य झांकतात. म्हणून हा प्रश्न निर्दय असला तरी आवश्यक आहे. परीक्षा करतांना कागद झांकून ठेवावा, पेले सारखे घ्यावे, बिअर फार गार करूं नये, बव्हेरियाच्या बाटलीच्या तळचें यीस्ट हलवून घ्यावें, आणि पेल्याच्या कांठावर लिंबाची चकती अडकवूं नये. लिंबानें फेस बसतो आणि ज्या वासासाठीं एवढा खटाटोप, तोच बुजून जातो.

या मापानें आमचा निर्णय आम्ही उघडपणें सांगतों. बव्हेरियाच्या नित्याच्या बिअरमध्यें पहिला मान श्नायडरच्या मूळ बिअरचा. तिच्यांत कुळधर्म आहे आणि त्याहून अधिक असा स्वतःचा हट्ट आहे. दुसरी वाइहेनश्टेफान, ती निर्दोष आहे, पण तिचें निर्दोषपण विद्यालयांतील आदर्श उत्तरासारखें आहे. तिसरी आयिंगची. एर्डिंगची शेवटीं, ती वाईट म्हणून नव्हे, तर तिसऱ्या प्रश्नाला ती गप्प बसते म्हणून. आव्हेंटिनुस या पंक्तींत बसत नाहीं. तिचें पान वेगळें, आणि त्या पानावर तिला प्रतिस्पर्धी थोडे. आणि गोझे? ती बव्हेरियाच्या कोणत्याहि बिअरहून वर कीं खालीं, हा प्रश्नच आम्ही नाकारतों. तिच्या कुळांत ती थोर आहे, आणि आमच्या उन्हाळ्यास तिच्याइतकी मानवणारी दुसरी जर्मन बिअर आम्हांस ठाऊक नाहीं. या क्रमाशीं कोणीं भांडावें, आम्हांस आनंदच आहे. मात्र भांडण चवीच्या पुराव्यानें व्हावें, सनावळीच्या नव्हे.

हा वाद दूरच्या देशाचा म्हणून सोडून देण्याजोगाहि राहिलेला नाहीं. पुण्या-मुंबईच्या पानगृहांतून आतां स्वतःच्या लहान ब्रुअरींत केलेली गव्हाची बिअर मिळते. तेथील पाटीवर 'गव्हाची बिअर' या एकाच नांवाखालीं कधीं बव्हेरियाची पद्धत असते, तर कधीं बेल्जियमची. बेल्जियमच्या पद्धतींत मोड न आणलेला गहूं, संत्र्याची साल आणि धने असतात. ती बिअर आनंदानें पिऊन झाल्यावर तोच गृहस्थ जर्मन बिअरच्या शुद्धतेचें कौतुक करतो, आणि धने-मिठाच्या गोझेचें नांव काढतांच तोंड वांकडें करतो. जिभेला धने चालतात. चालत नाहींत ते मेंदूंतल्या लेबलाला.

लाइप्झिगमधील ज्या जुन्या गोझे-गृहाचा वर उल्लेख आला, त्याचें नांव 'ओने बेडेंकेन' असें आहे. आपल्या भाषेंत म्हणावयाचें तर 'निःशंक'. हें असलें पेय पितां येतें काय, असें नवख्यानें विचारलें असतां तेथील वाढप्या एवढेंच उत्तर देई, असें सांगतात. शंकेला त्यानें आदेश दाखविला नाहीं, सन सांगितलें नाहीं, शुद्धतेची शपथ घेतली नाहीं. त्यानें पेला पुढें केला. समीक्षकाचें काम याहून फारसें निराळें नाहीं. वस्तु आपलें नांव आणि आपले घटक लपवीत नसेल, तर निवाडा तिच्या चवीनें व्हावा. आणि ज्यांनीं पेल्याला ओंठ न लावतां केवळ कागद वाचून निकाल दिला असेल, त्यांचा निकाल रद्द समजावा.